कॅव्हेलियर स्पॅनियल: राजाच्या काळचा की शंभर वर्षांपूर्वीचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलचं पिल्लू आणायचं ठरतंय. पिल्लू देणारे म्हणतात, हा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाच्या दरबारातला कुत्रा, साडेतीनशे वर्षांचं अखंड रक्त. दुसरीकडे वाचायला मिळतं की ही जात जेमतेम शंभर वर्षांची. मग खरं काय? आणि नुसता 'किंग चार्ल्स स्पॅनियल' म्हणतात तो हाच का?

मी पशुवैद्य आहे. बावीस-तेवीस वर्षं कुत्र्या-मांजरांचीच प्रॅक्टिस करतोय. कॅव्हेलियर टेबलावर आला की माझा हात सगळ्यात आधी स्टेथोस्कोपकडे जातो, मग तो कान खाजतो म्हणून आलेला असो की लसीसाठी. त्याचं कारण या जातीच्या इतिहासात आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. राजाच्या पायाशी लोळणारे छोटे स्पॅनियल खरे, त्यांची चित्रंही खरी. पण ते कुत्रे पुढच्या दोनशे वर्षांत बदलत बदलत दुसरेच झाले. आजचा कॅव्हेलियर हा १९२६ नंतर ती जुनी चित्रं समोर ठेवून मुद्दाम पुन्हा घडवलेला कुत्रा आहे. त्यामुळे ब्रीडर अगदीच खोटं बोलत नाहीत. 'अखंड' हा शब्द मात्र त्यांनी पदरचा घातलाय.

किंग चार्ल्स आणि कॅव्हेलियर या दोन वेगळ्या जाती आहेत. किंग चार्ल्सला अमेरिकेत इंग्लिश टॉय स्पॅनियल म्हणतात, त्याने गोंधळ आणखी वाढतो. दोघांना शेजारी उभं केलं तर ओळखायला कष्ट नाहीत. किंग चार्ल्सचं डोकं वर घुमटासारखं गोल, नाक जवळजवळ दोन डोळ्यांच्या मध्ये बसवल्यासारखं आणि तोंड चपटं. कॅव्हेलियरचं डोकं दोन कानांच्या मध्ये सपाट असतं आणि मुस्कट पुढे आलेलं. कपाळाखालच्या खाचेपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत साधारण ३.८ सेंटिमीटर, असं त्याच्या मानकातच, म्हणजे जात कशी दिसावी याच्या लेखी वर्णनातच, लिहिलेलं आहे. कॅव्हेलियर थोडा मोठा, ५.४ ते ८.२ किलोचा. रंग दोघांचे तेच चार: पांढऱ्यावर तांबूस ठिपके म्हणजे ब्लेनहाइम, काळा-पांढरा-तांबूस म्हणजे ट्रायकलर, काळ्यावर तांबूस खुणा म्हणजे ब्लॅक अँड टॅन, आणि पूर्ण तांबूस म्हणजे रूबी.

आता मुळापासून.

मांडीवर मावणारे स्पॅनियल ही काही इंग्लंडची मक्तेदारी नव्हती. १५३८ साली इटलीत टिशियनने रंगवलेल्या 'उर्बिनोची व्हीनस' या चित्रात पलंगाच्या पायथ्याशी एक तांबूस-पांढरं कुत्रं अंगाची गुंडाळी करून झोपलेलं आहे. ते आज माझ्या टेबलावर आलं तर कुणीही त्याला छोटा स्पॅनियलच म्हणेल. युरोपभरच्या श्रीमंत घरांत असे कुत्रे होते. शिकारीच्या स्पॅनियलचीच ही लहान आवृत्ती. मैदानाऐवजी दिवाणखान्यात वाढलेली.

इंग्लंडमध्ये त्यांचा पहिला नीट लेखी उल्लेख एका डॉक्टरनेच करून ठेवलाय. जोहानेस कीझ हे केंब्रिजचे नावाजलेले वैद्य. त्यांनी १५७० साली लॅटिनमध्ये इंग्लंडच्या कुत्र्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, सहा वर्षांनी त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. त्यात या छोट्या स्पॅनियलला त्यांनी 'कम्फर्टर' म्हटलंय, म्हणजे आराम देणारा. उच्चभ्रू बायका या कुत्र्यांना कुशीत, मांडीवर, अंथरुणात घेऊन बसतात यावर त्यांनी भरपूर नाक मुरडलंय, आणि लगोलग हेही सांगितलंय की पोट दुखत असेल तर असं कुत्रं पोटाशी धरल्याने आराम पडतो. कुत्र्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा एखाद-दीड अंशाने जास्तच असतं, तेव्हा हा शेक अगदी बिनबुडाचा नव्हता. बिचाऱ्या कीझसाहेबांचं मन आणि त्यांचा वैद्यकीय अनुभव एकमेकांशी भांडताना दिसतात.

त्यानंतर सतरा वर्षांनी, ८ फेब्रुवारी १५८७ ला, स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद झाला. प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहिलंय की तिच्या घागऱ्याखाली एक छोटं कुत्रं लपलेलं सापडलं आणि ते धडापासून हटायला तयार नव्हतं. ते स्पॅनियल होतं असं बहुतेक ठिकाणी ठोकून दिलेलं असतं. त्या वर्णनात जात लिहिलेली नाही, एवढं लक्षात ठेवा. या जातीच्या इतिहासात अशा बऱ्याच गोष्टी मागाहून चिकटवलेल्या आहेत.

चार्ल्स घराण्याकडे आलो की मात्र पाया पक्का सापडतो, कारण चित्रकार व्हॅन डाइक दरबारातच होता. १६३७ साली त्याने पहिल्या चार्ल्सच्या पाच मुलांचं चित्र काढलं. मधोमध सात वर्षांचा राजपुत्र, पुढे जो दुसरा चार्ल्स झाला तो, एका अवाढव्य मास्टिफच्या डोक्यावर हात ठेवून उभा आहे. सगळ्यांची नजर त्या मास्टिफवर जाते. पण उजवीकडे खाली कोपऱ्यात बघा: छोटा, पांढरा-तांबूस, लांब कानांचा स्पॅनियल. त्याचं मुस्कट निमुळतं आहे, कपाळ सपाट आहे. हा आकार लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरा चार्ल्स १६६० ते १६८५ असा राजा होता आणि त्याचं कुत्र्यांचं वेड ही दंतकथा नाही. त्याच्या काळात रोजनिशी लिहिणारे दोन चिकित्सक गृहस्थ होते, हे आपलं नशीब. पहिला सॅम्युएल पीप्स. २५ मे १६६० ला राजा परदेशातून परतून डोव्हरला उतरत होता. पीप्स मागच्या होडीत होता आणि त्याच होडीत राजाचं एक लाडकं कुत्रं होतं. त्या कुत्र्याने होडीत घाण केली. सगळे हसले, आणि पीप्सने लिहून ठेवलं की राजा काय आणि राजाचं काय, सगळे शेवटी इतरांसारखेच. सात वर्षांनी, ४ सप्टेंबर १६६७ ला, तोच पीप्स वैतागून लिहितो की राजा मंत्र्यांच्या बैठकीत कामाकडे लक्ष न देता सारा वेळ कुत्र्याशी खेळत बसला होता. दुसरा जॉन ईव्हलिन. राजा वारल्यावर त्याचं मूल्यमापन करताना तो नोंदवतो की राजाला मागेपुढे छोटे स्पॅनियल लागत, ते त्याच्या शयनगृहात झोपत, माद्या तिथेच वीत आणि पिल्लांना पाजत, आणि त्यापायी सगळ्या दरबाराला दुर्गंधी येई.

ही दुर्गंधीची नोंद मला फार आवडते. राजेशाही कुत्रा म्हणून मखमलीच्या उशीवरचे फोटो दाखवतात, पण खोलीत पिल्लं झाली की काय वास सुटतो हे ज्याने एकदा तरी कुत्रीचं बाळंतपण निस्तरलंय त्याला विचारा.

राजाने हुकूम काढला होता आणि त्यानुसार या स्पॅनियलना आजही पार्लमेंटसकट कुठल्याही सार्वजनिक जागी मज्जाव करता येत नाही, ही गोष्ट तुम्हाला दहा ठिकाणी सापडेल. असा कायदा अस्तित्वात नाही.

राजा गेला, काही वर्षांत गादीवर विल्यम आणि मेरी आले. ते हॉलंडहून आले आणि येताना पगचं वेड घेऊन आले. दरबारात आता चपट्या तोंडाची चलती. लांब मुस्कटाचे छोटे स्पॅनियल मात्र खेडोपाडीच्या मोठ्या वाड्यांवर टिकून राहिले. त्यांतला सगळ्यात प्रसिद्ध वाडा मार्लबरोच्या ड्यूकचा. १३ ऑगस्ट १७०४ ला या ड्यूकने जर्मनीतल्या ब्लेनहाइमची लढाई जिंकली, बक्षीस म्हणून मिळालेल्या वाड्यालाही तेच नाव पडलं, आणि तिथल्या तांबूस-पांढऱ्या कुत्र्यांनाही. लढाई चालू असताना घरी डचेस सारा चिंतेने एका गाभण कुत्रीच्या डोक्यावर अंगठा दाबत बसली होती आणि झालेल्या पाचही पिल्लांच्या कपाळावर तांबूस ठसा उमटला, अशी कथा सांगतात. आनुवंशिकता अंगठ्याने चालत नाही. पण पांढऱ्या कपाळावरचा तो तांबूस ठिपका काही कॅव्हेलियरना खरोखर असतो आणि त्याला आजही 'ब्लेनहाइम स्पॉट' म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात आलो की डॅश भेटतो. हा ट्रायकलर स्पॅनियल १८३३ मध्ये व्हिक्टोरियाच्या आईला भेट मिळाला होता, पण त्याने मुलीला मालकीण करून टाकलं. तेरा वर्षांची राजकन्या त्याला लाल जाकीट आणि निळी विजार घालायची. २८ जून १८३८ ला तिचा राज्याभिषेक झाला. तो दिवसभराचा सोहळा उरकून घरी आल्यावर नव्या राणीने काय केलं, तर डॅशला आंघोळ घातली. लँडसीर या चित्रकाराने डॅशलाही रंगवलं, आणि १८४५ मध्ये दोन छोट्या स्पॅनियलचं एक चित्र काढलं. टेबलावर पिसं लावलेली जुन्या पद्धतीची टोपी आणि तिच्याशी बसलेले दोन कुत्रे. चित्राचं नाव 'द कॅव्हेलियर्स पेट्स'. कॅव्हेलियर म्हणजे सतराव्या शतकातल्या यादवीत राजाच्या बाजूने लढलेले सरदार. पुढे जातीला नाव शोधायची वेळ आली तेव्हा हा शब्द हवेत होताच.

आणि इथून पुढे गाडी बदलते.

कुत्र्यांची प्रदर्शनं सुरू झाली, १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था, स्थापन झाला, १८८५ मध्ये टॉय स्पॅनियलचा वेगळा क्लब निघाला. प्रदर्शनात बक्षीस मिळतं ते नजरेत भरणाऱ्या गोष्टीला. छोट्या स्पॅनियलमध्ये नजरेत भरत होती ती दोन लक्षणं: तोंड आखूड आणि डोकं गोल. पगचं रक्त मिसळलं असं सर्रास सांगतात. पण नुसती निवड करूनही हे काम काही पिढ्यांत उरकतं, त्याला पग लागतोच असं नाही. दर वेतातलं सगळ्यात चपटं पिल्लू ठेवायचं, त्याचा जोडा तशाच दुसऱ्याशी लावायचा, आणि लांब नाकाचं पिल्लू निघालं तर ते वंशवाढीला वापरायचं नाही. शतक संपेतो व्हॅन डाइकच्या चित्रातला कुत्रा प्रदर्शनांतून दिसेनासा झाला. १९०३ साली केनेल क्लबने चारही रंगांचे प्रकार एकाच जातीत घातले. क्लबला नाव 'टॉय स्पॅनियल' ठेवायचं होतं. सातव्या एडवर्ड राजाला ते पसंत नव्हतं, म्हणून 'किंग चार्ल्स' नाव राहिलं. गंमत अशी की नाव राजाचं राहिलं आणि कुत्रा राजाच्या कुत्र्यासारखा राहिला नाही.

हे तेव्हाही एका बाईंच्या लक्षात आलं होतं. ज्युडिथ ब्लंट-लिटन, कवी बायरनची पणती, अरबी घोड्यांच्या पैदाशीसाठी जगभर ओळखली गेलेली. तिने १९११ मध्ये छोट्या कुत्र्यांवर एक जाडजूड पुस्तक काढलं आणि जुनी चित्रं पुराव्याला लावून प्रदर्शनवाल्यांना धारेवर धरलं. फार कुणी ऐकलं नाही.

ऐकायला लावलं ते पैशाने. रॉसवेल एल्ड्रिज नावाचे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे एक वयस्क अमेरिकन गृहस्थ इंग्लंडला आले ते चित्रात असतात तसे ब्लेनहाइम स्पॅनियल घ्यायला. जिथे जावं तिथे चपटी तोंडं. मग त्यांनी १९२६ मध्ये क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या मोठ्या प्रदर्शनात बक्षीस लावलं: जुन्या ठेवणीचा सर्वोत्तम नर आणि सर्वोत्तम मादी, प्रत्येकी २५ पौंड. अट लेखी होती. दुसऱ्या चार्ल्सच्या काळातल्या चित्रांप्रमाणे तोंड लांब, कपाळाखाली खाच नाही, कवटी सपाट, घुमटाकडे झुकणारी नको, आणि डोक्याच्या मधोमध ठिपका. हे बक्षीस पाच वर्षं चाललं. त्या काळी २५ पौंड ही काही खाऊची रक्कम नव्हती.

आता जरा पैदासकारांच्या जागी उभे राहून विचार करा. पन्नास वर्षं घालवून लांब नाक हद्दपार केलंय, आणि हा परदेशी पाहुणा म्हणतोय की तेच परत आणा, पैसे देतो. पहिल्या वर्षी जेमतेम दोन-चार कुत्रे आले. प्रस्थापित लोकांनी ही थट्टा मानली. पण किंग चार्ल्सच्या वेतांमध्ये अधूनमधून लांब मुस्कटाची पिल्लं निघतच होती. पूर्वजांचे गुण असे पुन्हा डोकं वर काढतात. आजवर जी पिल्लं 'चुकली' म्हणून गुपचूप कुणाला तरी देऊन टाकली जात, त्यांनाच आता बक्षीस होतं. नव्या जातीचा पाया या नापास पिल्लांनी घातला. अडीच शतकं कुठल्या वाड्यात जपून ठेवलेला वंश मिळाला आणि त्यातून कॅव्हेलियर झाला, असं घडलेलं नाही.

१९२८ मध्ये अ‍ॅन्स सन नावाचा ब्लेनहाइम नर जिंकला. त्याच्या मालकीणबाई मिस मॉस्टिन वॉकर. बक्षीस लावणारे एल्ड्रिज तेवढ्यात वारले होते. ज्या कुत्र्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो त्यांना पाहायला मिळाला नाही. त्याच क्रफ्ट्समध्ये थोडी मंडळी जमली आणि क्लब काढला. मानक कसं ठरवलं, तर अ‍ॅन्स सनला समोर टेबलावर उभं केलं, जमतील तेवढ्या जुन्या चित्रांच्या प्रती शेजारी मांडल्या आणि तुलना करत लिहिलं. कात्री लावून कुत्र्याला आकार द्यायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. म्हणून आजही कॅव्हेलियरच्या पायाच्या बोटांमधले केस लांब सुटलेले दिसतात, सपाता घातल्यासारखे. चार्ल्सचं नाव किंग चार्ल्सवाल्यांकडे होतंच, वेगळेपणासाठी पुढे 'कॅव्हेलियर' लावलं.

या सगळ्याची धुरा पुढे कित्येक वर्षं एमिस पिट या बाईंनी वाहिली. त्यांच्या केनेलचं नाव उच्चारता येत नाही असं विचित्र आहे, कारण ते 'ह्युइट' हे घरातलं नाव इंग्रजी अक्षरांत उलटं लिहून केलेलं आहे. पेडिग्रीच्या, म्हणजे वंशावळीच्या, कागदावर सुरुवातीला दोन 'टी' आलेलं नाव दिसलं तर ते यांचंच.

मग दुसरं महायुद्ध. माणसांनाच रेशन, तिथे कुत्र्यांना कोण खायला घालणार. पैदाशीचे कुत्रे मारावे लागले, वाटून टाकावे लागले. पिटबाईंच्या केनेलमध्ये साठ कुत्रे होते, ते तीनवर आले. युद्ध संपल्यावर जी काही डोकी उरली, त्यांतल्या अवघ्या सहा कुत्र्यांपासून आजचे सगळे कॅव्हेलियर झाले असं मानलं जातं. १९४५ मध्ये केनेल क्लबने जात स्वतंत्र म्हणून मान्य केली. १९४८ मध्ये डेवेल रॉजर हा पहिला चॅम्पियन झाला, तोही अ‍ॅन्स सनच्याच रक्तातला. चॅम्पियन झाला म्हणून मग त्याचाच वापर सगळीकडे. १९७३ मध्ये अलान्समिअर अ‍ॅक्वेरियस नावाचा कॅव्हेलियर क्रफ्ट्समध्ये सगळ्या जातींत पहिला आला. आधीच आवडती झालेली जात त्यानंतर घरोघरी पोहोचली. अमेरिकेत रेगन दांपत्याने व्हाइट हाउसमध्ये रेक्स नावाचा एक पाळला होता, तरी तिथल्या केनेल क्लबने मान्यता दिली ती थेट १९९५ मध्ये. उशीर व्हायचं मोठं कारण म्हणजे तिथल्या जुन्या कॅव्हेलियर क्लबलाच ती नको होती. मान्यता आली की मागणी वाढेल, आणि मागणी वाढली की पिल्लांचे कारखाने उघडतील, अशी त्यांना भीती होती. मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं असतं.

सहा कुत्रे. हा आकडा मी पेडिग्रीवर वाचत नाही, कानाने ऐकतो.

कॅव्हेलियर टेबलावर आला की शेपटी हलवत आधी माझा हात चाटतो, मग स्टेथोस्कोपची नळी. धापा टाकत असेल तर दोन-तीन सेकंद तोंड हलकेच मिटून धरतो, म्हणजे श्वासाचा आवाज थांबतो. मग डाव्या बाजूला, कोपराच्या किंचित मागे, छातीवर चकती टेकवतो. निरोगी हृदय लब-डब, लब-डब असं कोरडं वाजतं. बिघाड सुरू झाला की त्या दोन ठोक्यांच्या मध्ये एक 'फुस्स' येतं: लब-फुस्स-डब. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड आणि गाठाळ होते, नीट मिटत नाही आणि रक्त उलटं झिरपतं. त्या झिरपण्याचा हा आवाज. याला मर्मर म्हणतात. म्हातारपणी हा आजार कुठल्याही छोट्या कुत्र्याला होऊ शकतो. कॅव्हेलियरमध्ये पाच वर्षांचे होईतो साधारण निम्म्यांना मर्मर असतो, आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांना. मालकाला काहीच जाणवलेलं नसतं. कुत्रा उड्या मारत असतो आणि मी कान देऊन तीच जागा दुसऱ्यांदा ऐकत असतो.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश संशोधनात आठ जातींच्या १६० कुत्र्यांचे संपूर्ण जनुकसंच तपासले होते. अपायकारक बदलांचा सगळ्यात मोठा साठा कॅव्हेलियरमध्ये निघाला. मोजक्या कुत्र्यांमधून जात दोन-तीन वेळा गाळून काढली की असंच होतं. आधी चपट्या तोंडाची निवड, मग नापास पिल्लांतून लांब तोंडाची निवड, मग युद्ध, मग एकाच चॅम्पियनचा भडिमार. दर वेळी चांगल्याबरोबर वाईटही घट्ट बसत गेलं, आणि ते सौम्य करायला बाहेरचं रक्त आलं नाही.

दुसरा मोठा त्रास डोक्यातला. कवटीचा मागचा भाग मेंदूला अपुरा पडतो, मेंदू मानेच्या भोकाकडे ढकलला जातो आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या होतात. याला सिरिंगोमायेलिया म्हणतात. काही कुत्रे चालता चालता थांबून मागच्या पायाने हवेतच खाजवतात, पाय अंगाला लागतही नाही. गोचीड झालीय म्हणून आणलेले असे एक-दोन मी पाहिलेत. गोचीड नव्हती. मान दुखते, पट्टा नको होतो, उचललं की किंचाळतात. खात्री एमआरआयनेच होते. चित्रकाराला कुत्र्याचं मुस्कट दिसतं, कवटीच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. १९२८ च्या त्या टेबलावर तुलना झाली ती बाहेरून.

हे प्रकरण शेवटी कोर्टात गेलं. नॉर्वेत प्राणिरक्षण संघटनेने खटला भरला आणि ३१ जानेवारी २०२२ ला ऑस्लोच्या न्यायालयाने निकाल दिला की इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर यांची तिथे चालते तशी पैदास प्राणी कल्याण कायद्याच्या विरोधात आहे. अपिलात बुलडॉग सुटला, कॅव्हेलियर नाही. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. कुत्रा पाळायला बंदी नाही. आक्षेप पैदाशीवर आहे. कॅव्हेलियरवर जीव असलेल्या बऱ्याच लोकांना हा निकाल अन्याय वाटतो. मला वाटत नाही. मी त्या कुत्र्यांची हृदयं ऐकतो.

उलट बाजूही सांगायला हवी. डेन्मार्कमध्ये २००२ पासून पैदाशीआधी हृदय तपासणं सक्तीचं केलं गेलं. आठ-दहा वर्षांत, ज्यांचे आईबाप दोघेही त्या तपासणीतून गेले होते अशा पिल्लांमध्ये मर्मरचा धोका ७३ टक्क्यांनी घटलेला दिसला. म्हणजे ठरवलं तर सुधारणा होते. औषधांचंही तेच. २०१६ च्या एका मोठ्या चाचणीनंतर आम्हाला कळलं की हृदय मोठं झालेल्या पण अजून लक्षणं नसलेल्या कुत्र्यांना पिमोबेंडन हे हृदयाचं औषध वेळेवर सुरू केलं तर हृदय निकामी होणं सरासरी सव्वा वर्षाने लांबतं. त्यामुळे मर्मर ऐकू आला म्हणजे सगळं संपलं असं नाही. माझ्याकडे मर्मर घेऊन अकरा-बारा वर्षं मजेत जगलेले कॅव्हेलियर आहेत.

आता तुमच्या पिल्लाकडे. स्वभावाबद्दल मला काही सांगायला नको. माणसाला चिकटून बसणं हेच त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे, आणि ते तो चोख करतो. ब्रीडर राजाच्या गोष्टी सांगू लागले तर ऐकून घ्या, छान असतात. मग पिल्लाच्या आईबापांचे हृदयतपासणीचे कागद मागा. दोघेही जोडा लावताना किमान अडीच वर्षांचे असावेत आणि तोवर मर्मर नसावा. आणि आजी-आजोबा पाच वर्षांचे झाले तेव्हा त्यांचीही हृदयं स्वच्छ असावीत. तपासणी शक्यतो हृदयरोगाच्या पशुतज्ज्ञाने केलेली असावी, इकोसकट (हृदयाच्या सोनोग्राफीसकट) असेल तर उत्तम. आईबापांचा डोक्याचा एमआरआय झालाय का हेही विचारा. बहुतेक ठिकाणी झालेला नसतो, पण प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो त्यावरून बरंच कळतं. एपिसोडिक फॉलिंग (अधूनमधून अंग ताठरून कोसळण्याचा आजार) आणि कुरळ्या केसांबरोबर येणारा कोरड्या डोळ्यांचा आजार, या दोन्हींसाठी डीएनए चाचण्या उपलब्ध आहेत, त्यांचे निकाल दाखवायला कुणाला अडचण नसावी.

आई दीड वर्षाची आणि बापाचा पत्ता नाही असं असेल तर ते पिल्लू घेऊ नका. कपाळावरचा ब्लेनहाइम स्पॉट कितीही सुरेख असला तरी.